हरलेल्या उमेदवाराचा घोडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण शुक्रवारी मुलगा घरी येतोय आणि त्याआधी हे एकदा तोंडातून निघायला हवं.

शारजाच्या औद्योगिक भागात एका वर्कशॉपमध्ये मी स्टोअरकीपर होतो. निखिल तेव्हा सातवीत, अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत. फी कंपनी भरायची. बाबांना सगळं येतं असा त्याचा समज होता — आणि तो मीच खतपाणी घालून वाढवला होता. बापाला आणखी काय हवं असतं?

तर त्याला प्रोजेक्ट मिळालं: एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एका राज्यात झालेली गव्हर्नरची निवडणूक. पुस्तकात दोनच ओळी — कोण जिंकलं, कोण हरलं. पान भरेना. मग मी दिलं ठोकून: हरलेला उमेदवार घोड्यावर बसून, बर्फातून तीन दिवस प्रवास करून, जिंकलेल्याचं अभिनंदन करायला त्याच्या घरी गेला. निखिल इतका रंगून गेला की मी घोड्याचा रंगही सांगून टाकला. पांढरा.

बाईंनी वर्गात विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? तो म्हणाला, बाबांनी सांगितलं. झालं, आम्हा नवराबायकोला शाळेत बोलावणं आलं.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? थोडी शोभा झाली असती, एवढंच. पण बाईंनी विचारताच मी म्हणालो, "नहीं मिस, मैंने कुछ नहीं बताया. इसने खुद ही लिखा होगा."

निखिलने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला — "सॉरी मिस, आय मेड इट अप."

बारा वर्षांचं पोर माझी अब्रू झाकत होतं, आणि मी झाकू दिली. घरी येईपर्यंत त्याची आई त्याला खोटारडा म्हणत राहिली. मी गाडी चालवत होतो.

त्यानंतर तो रागावला नाही, अबोला धरला नाही — फक्त मला काही विचारणं बंद केलं. सहा वर्षं.

आता तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "बाबा, हे सोडून हिस्टरी घेऊ का? यू टेल मी." मला फार आनंद झाला. म्हटलं, घरी ये, मग बोलू.

मला यातलं काही कळत नाही, हे त्याला सांगायचंय. पण आधी ते दुसरं. शुक्रवारी जेवायला बसल्यावर सांगणार आहे, त्याची आई समोर असताना. त्या दिवशी गाडीत खोटारडा कोण होता, ते तिलाही कळू दे.