शेपटी डब्याबाहेर

नापिकीच्या त्या वर्षांत दर्यापूरच्या बाजारात सगळ्यांचेच आवाज खाली गेले होते. एका मासळीवाल्या मावशीचा सोडून. पूर्णेतले मासे विळीवर कापताना ती गिऱ्हाइकाची ख्यालीखुशाली विचारायची आणि उत्तराआधीच हसायची.

आमच्या गल्लीत मासे खाल्लेले चालायचे, दिसलेले नाही. म्हणून सगळे काळी प्लास्टिकची पिशवी मागत. मीसुद्धा. मग ती पिशवी जायची नाल्यात आणि नाला नदीत.

एकदा तिनं माझ्यासमोर रोहूचं पोट फाडलं, आत बोट फिरवलं आणि काळ्या पिशवीचा चोळामोळा काढून साऱ्या बाजाराला दाखवला.

"पाहा! तुमी लपवून नेता, अन् मासोई तेच खाऊन राहिली. हा तुकडा तं दिसते. त्याचा भुगा झाला का मलेबी दिसत नाही. आजपासून पिशवी बंद. डबा आना."

"मावशी, लोक पाहतील," मी म्हणालो.

"पाहू द्या ना! चोरी करून राहिले का?"

पुढचे काही बाजार तिच्यापुढं फक्त माशा घोंगावत होत्या. ती हटली नाही. मग एक डबा आला, आणि बघता बघता डब्यांची रांग लागली.

एका बाजारी मीही डबा नेला आणि रोहू अख्खाच घेतला. शेपटी डब्याबाहेर ठेवून भर गल्लीतून निघालो. शेजारच्या काकांनी ओट्यावरून दबक्या आवाजात विचारलं, "काय आनलं?"

"मासोळी!" मी ओरडलो.

काकांनी इकडंतिकडं पाहिलं. मग माझ्याहून मोठ्यानं घरात हाक मारली, "अवं, मोठा डबा आन वं!"