धुतलेला कोळसा

आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी. बी.एस्सी. झाले आणि खामगावच्या ज्या तेल मिलमध्ये बाबा बॉयलरवर कोळसा टाकायचे, तिथल्याच लॅबमध्ये लागले. ट्रकमधून आलेल्या कोळशात ओलावा किती, राख किती, हे तपासणं माझं काम. आजही छाती फुगवून सांगते.

खंडेनवमीला आमचा बॉयलर थंड करतात. फावड्याला, सळईला हळदकुंकू लागतं. दसऱ्याला सकाळी भट्टी पुन्हा पेटते आणि पूजेच्या वेळी, जो पेटवतो तोच भोंगा वाजवतो. बाबांचा तो शेवटचा दसरा, महिनाअखेर निवृत्ती. आईनं सारा संसार त्या भोंग्याच्या वेळांवर केला, पण घरात बसून. या वेळी तिला शेजारी उभं करून तो ऐकवायचं बाबांनी कबूल केलं होतं.

आम्ही तिघं भल्या सकाळी पोचलो. लॅबच्या दाराला झेंडूचं तोरण बांधून मी आले, तर आई पाइप धरून भट्टीपुढचा कोळशाचा ढीग धूत होती. सणाला पाटा-वरवंट्यापासून सगळं धुणारी बाई ती.

"आई, काय करून राह्यली?"

"धूळ किती बसली होती वं. पाह्य आता, कसा चमकते."

बाबा बॉयलरमागून आले. काळं पाणी त्यांच्या चपलेखालून वाहत होतं.

"साबण नाई लावला काऊन?"

"आणला नाई," आई म्हणाली.

हसू आवरेना. पण बाबांनी कपाशीची वाळकी पऱ्हाटी पेटवून वर कोळसा टाकला, तर नुसता धूर. कोरडा साठा गोदामात, आणि किल्लीवाले साहेब थेट पूजेलाच येणार. आईचं तोंड उतरलं. "मंग आता भोंगा नाई वाजत?"

तेव्हा मला लॅबमधले डबे आठवले. प्रत्येक ट्रकचा नमुना तपासून झाला की उरलेला कोळसा त्यात पडून असतो. टाकायला काढलेले ते सगळे डबे मी घमेल्यात रिकामे केले आणि घमेलं डोक्यावर घेऊन आले.

"ओलावा किती?" बाबांनी साहेबासारखं विचारलं.

"सुकलेल्या भाकरीइतका."

"तुह्या मायच्या हाती नाई लागला, म्हणून."

तो कोळसा पेटला. त्याच्या आचेसमोर बाबांनी ओला कोळसा पसरला आणि सुकेल तसा आत सारत गेले. मी सळईनं निखारे हलवत होते. माझ्या नव्या साडीचं काय झालं ते सांगत नाही. लोक पूजेला जमले, नारळ फुटला, तेवढ्यात वाफेचा काटा खुणेवर आला. बाबांनी आईला जवळ ओढलं आणि भोंग्याची दोरी खेचली.

आईनं दोन्ही कान दाबले. भोंगा थांबल्यावर हात काढून म्हणाली, "घरूनच बरा ऐकू येते. इथं कान फाटते."

बाबा दोरी सोडायला लागले.

"सोडता काऊन? आणखी एकदा वाजवा ना."