हरबंसजींचं अर्धं शटर

देवावर माझा विश्वास आहे, पण आंधळा नाही, असं मी लग्नाआधीपासून ऐटीत सांगत आले. सासरी दत्तभक्ती पिढीजात. गुरुवारचा नैवेद्य मी मन लावून करायची, पण आरतीत डोळे मिटले तरी कान कुकरच्या शिट्टीकडे. देवाने देवाचं बघावं, मी माझं घर बघते, असा आमचा दोघांचा समझोता होता. तो गेल्या ज्येष्ठातल्या एका गुरुवारी मोडला. त्या दिवशी भर दुपारी चंडीगडजवळच्या झिरकपूरमधल्या आमच्या फ्लॅटमधून माझे सासरे, नाना, नाहीसे झाले.

नाना कृष्णाकाठच्या एका गावातले निवृत्त पोस्टमास्तर. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे चंडीगडला आले, आणि इथे त्यांचा विसराळूपणा हळूहळू आजार होऊन बसला. आधी हिंदी गेली, मग वार-तारखा, मग अधूनमधून मीसुद्धा. ह्यांची केंद्र सरकारची नोकरी, ते त्या दिवशी कामासाठी शिमल्याला. मी गॅलरीत कपडे वाळत घालून आत आले तर दार सताड उघडं, आणि नानांचा फोन टेबलावर. गेटवरचा गार्ड म्हणाला, "बाऊजी तो नहा-धो के निकले थे जी, मैंने सोचा मंदिर जा रहे हैं." सोसायटीच्या मंदिरात ते नव्हते. बाहेर उन्हाने रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. एरवी चार माणसांचं काम एकटी रेटणारी मी, पण घराला कुलूप लावायचंही विसरले.

तरी डोकं चालत होतं. ते गेले असतील तर चंडीगडच्या सेक्टर बावीसमध्ये, याची मला खात्री होती. झिरकपूरला येण्याआधी आम्ही तिथे एका दुकानावरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. खालचं दुकान पंख्यांचं आणि कूलरचं, मालक हरबंसजी. हा माणूस धंद्यात पक्का होता, दोन पैसे सोडायचा नाही. पण बाजाराला त्याने घरासारखं वागवलं. व्हरांड्यातल्या फरशा उखडल्या तेव्हा नगरपालिकेत खेटे घालून घालून त्यांनी त्या बसवून घेतल्या. म्हाताऱ्यांना टेकायला दुकानांपुढे खुर्च्या ठेवायला लावल्या. बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह व्हावं म्हणून ते वर्षानुवर्षं भांडले आणि झाल्यावर त्याला कुलूप लागणार नाही यासाठी पुन्हा भांडले. हे काम किती मोठं, ते बाजारात दिवस काढणाऱ्या बाईलाच कळेल.

दुकानामागच्या पार्किंगमध्ये एक औदुंबर आहे. तिथल्या लोकांच्या लेखी ते गूलर, फळं टाकून गाड्या खराब करणारं झाड. नानांना मात्र तिथे प्रत्यक्ष दत्तमहाराज भेटले. ते गुरुवारी धुतलेलं धोतर नेसून झाडाला प्रदक्षिणा घालायला गेले, तर बुंध्याभोवती स्कूटरच स्कूटर. नाना बिचारे स्कूटरींच्या फटीतून अंग चोरत फिरत होते. हरबंसजींनी ते पाहिलं, काही विचारलं नाही, आणि पुढच्या गुरुवारी सगळ्या स्कूटर हलवून जागा झाडून ठेवली. मग तो रिवाजच पडला. झाड तोडायचा अर्ज आला तेव्हा आडवे पडणारेही तेच. "बाऊजी का रब रहता है यहाँ," असं त्यांनी अधिकाऱ्याला सांगितलं होतं म्हणे. नाना मराठीत बोलायचे, ते पंजाबीत, आणि प्रदक्षिणा झाल्या की दोघं मिळून कुठेतरी जायचे. लस्सी प्यायला जात असतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या ज्येष्ठाआधीच्या हिवाळ्यात हरबंसजी झोपेतच गेले. नानांना आम्ही सांगितलं, ते ढसाढसा रडले. दुसऱ्या दिवशी विसरले, पुन्हा विचारलं, पुन्हा तितकेच रडले. असं काही वेळा झाल्यावर आम्ही सांगणं सोडलं.

मी टॅक्सी केली, ती झिरकपूरच्या चौकातच अडकली. पुढे बस, मागे ट्रक, आणि मी आत बसून दत्तमहाराजांशी भांडत होते. "जन्मभर तुमची सेवा केली त्या माणसाने. आज तुमच्या वाराला तुम्ही त्याला उन्हात टाकलंत?" असं मी मोठ्याने म्हणाले असणार, कारण ड्रायव्हर आरशातून बघायला लागला. माझी समजूत पक्की होती की मी पोचेन, नाना झाडाखाली असतील, आणि मी त्यांना हाताला धरून घरी आणेन.

झाडाखाली नाना नव्हते. मी दुकानात धावले. हरबंसजींचा मुलगा जसप्रीत गल्ल्यावर होता. भिंतीवर वडिलांचा हार घातलेला फोटो. मला बघून तो उठलाच. "आंटीजी, बाऊजी ऑटो से आए थे. डॅडी की फोटो के सामने बहुत देर हाथ जोड़ के खड़े रहे. मैं एक कस्टमर से बात करने लगा, मुड़ के देखा तो थे ही नहीं. मैंने सोचा आप साथ हो."

म्हणजे नानांना पुन्हा कळलं होतं, आणि या वेळी जवळ घरचं कोणी नव्हतं. जसप्रीत बाहेर धावला, ओळीतल्या दुकानांत काहीतरी ओरडून सांगितलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत एकेक शटर अर्धं खाली यायला लागलं. चपलांचं दुकान, टेलर, मोबाईलवाला, मिठाईवाला. बाजारात अर्धं शटर कधी ओढतात ते मला माहीत होतं. कोणी गेलं की. यांना कळलंय, मला सांगत नाहीत, एवढंच माझ्या मनात आलं आणि मी फरशीवर बसले.

टेलर मास्टरजींनी मला उठवून खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. "ना भैणजी, ऐसा कुछ नहीं. ये हरबंसजी का शटर है. किसी पे मुसीबत आए तो आधा गिरा दो, एक बंदा दुकान में, बाकी सब बाहर. वो कह गए थे, गाहक कल भी आएगा." मग तेही निघाले. कोणी बसस्टँडकडे गेलं, कोणी बागेकडे, कोणी स्कूटर काढून आतल्या गल्ल्यांत शिरलं. माझ्यासाठी भर धंद्याच्या वेळी अख्खा बाजार रस्त्यावर उतरला होता, आणि ज्याच्या शब्दावर उतरला तो माणूस हयात नव्हता. मी उठले, पण प्रत्येक बाजूला आधीच कोणी ना कोणी गेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी औदुंबराच्या दिशेने हात जोडले आणि म्हणाले, "महाराज, ते तुमचेच आहेत. मला आता काही सुचत नाही. तुम्ही बघा." नवस नाही, अट नाही. आणि सांगायला नवल वाटतं, पण त्या क्षणी मी शांत झाले. नाना सापडल्यावर शांत होणं सोपं होतं. मी त्याआधी झाले, आणि ती शांती माझी नव्हती, हे मी पैजेवर सांगेन.

थोड्याच वेळात, माझ्याजवळ थांबलेल्या जसप्रीतचा फोन वाजला. पलीकडून मास्टरजी इतक्या जोरात बोलत होते की मलाही ऐकू आलं. "मिल गए! गुरुद्वारे में हैं, जोड़ाघर में!"

जोडाघर म्हणजे गुरुद्वाऱ्यात दर्शनाला येणाऱ्यांच्या चपला-बूट सांभाळायची जागा. आम्ही पोचलो तेव्हा नाना तिथे जाजमावर मांडी घालून बसले होते. टोपीवर केशरी रुमाल बांधलेला, हातात फडकं, मांडीवर कोणाचा तरी धुळीने माखलेला बूट. ते तो पुसत होते, पोस्टात शिक्का मारण्याआधी पाकीट पुसायचे तसा, हलक्या हाताने. काउंटरवरचे वयस्क सेवादार म्हणाले, "ये तो हर गुरुवार आते थे जी, हरबंसजी के साथ. दोनों घंटा भर जोड़े साफ करते थे. आज अकेले आए, मैंने जगह दे दी."

जसप्रीतने सेवादारांना पुन्हा विचारलं. त्याला हे ठाऊक नव्हतं. वडील गुरुवारी मंडीत माल बघायला जातात, असं घरात सगळ्यांना माहीत होतं. बाजारासाठी एवढं केलेला माणूस, त्याने ही सेवा घरातसुद्धा सांगितली नव्हती. जसप्रीत तिथेच भिंतीला टेकून रडला.

मी नानांसमोर बसले. त्यांनी वर पाहिलं आणि मला ओळखलं नाही. मी विचारलं, "इथे का आलात?"

"हरबंस गेला न्हवं," ते शांतपणे म्हणाले. "आज त्याचा वार. तो न्हाई, मग हे कोण करणार?" आणि त्यांनी माझ्या हातात फडकं दिलं.

सून म्हणून त्यांना मी आठवत नव्हते, मित्राची सेवा आठवत होती. दुसऱ्या एखाद्या दिवशी मला ते लागलं असतं. त्या दिवशी मी पदर डोक्यावर घेतला आणि पुढ्यातला जोड उचलला. माझ्या शेजारी जसप्रीत बसला.

हा चमत्कार होता का, मी कोणाशी वाद घालत नाही. ज्यांना महाराजांवर सोपवलं, ते नाना मला महाराजांच्याच वारी, सुखरूप, सेवा करताना मिळाले. मला एवढं पुरे. हरबंसजींच्या नावाची पाटी बाजारात कुठे नाही. शटरं मात्र अजून अर्धी खाली येतात.

आता गुरुवारी आम्ही तिघं जोडाघरात बसतो. कधी नाना मला ओळखतात, सूनबाई म्हणून हाक मारतात, बूट नीट पुसला नाही म्हणून रागावतात. कधी ओळखत नाहीत. मग काम करता करता कौतुकाने बघतात आणि विचारतात, "पोरी, हात चांगला हाय तुझा. कुणाची गं तू?"

"तुमचीच, नाना," मी म्हणते, आणि ते समाधानाने पुढचा जोड माझ्याकडे सरकवतात.