वरच्या रांगेतला महापौर

सेनोबिया पालोमिनो, वय एकसष्ट, राहणार सांता एउफेमियाची टेकडी, लिमा. व्यवसाय: महापालिकेच्या परवान्यावर वृत्तपत्रविक्री. कर्तव्य: नागरिकांपर्यंत माहिती पोचवणे. राजकीय कल: निरंक. विक्रेती जागेवर नसताना विक्रीस्थान केवळ विश्वासू व्यक्तीच्या ताब्यात द्यावे, असा नियम असून सदर विक्रेतीने तो आजवर काटेकोरपणे पाळला आहे.

माहिती पोचते ती अशी. पहाटे आलेले पेपर सेनोबिया कपड्यांच्या चिमट्यांनी टपरीभोवती टांगते, पहिलं पान बाहेर. आम्ही समोर उभे राहतो, पावातलं तळलेलं रताळं खात मथळे वाचतो, मत बनवतो आणि बस पकडतो. विकत कुणीच घेत नाही असं नाही, शब्दकोड्यासाठी घेतात. आतल्या पानांवर काय असतं, हे मात्र टेकडीवर फारसं कुणाला सांगता येणार नाही.

विश्वासू व्यक्ती म्हणजे कासिमिरो सुल्का. सेनोबियाच्या मुलीचा हा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता, म्हणून ती त्याला कोंपाद्रे म्हणे आणि तो तिला कोमाद्रे. टेकडीवर पाणी आणायचं म्हणून त्याने दर रविवारी लोकांना चर खणायला लावलं, आणि पुढे लोकांनी त्यालाच महापौर केलं. महापौर झाल्यावरही तो सकाळी टपरीवर यायचा. सेनोबियाला बाजारातल्या संडासात जायचं असलं की ती "कोंपाद्रे, बघा हं जरा" म्हणून निघायची आणि हा गल्ल्यामागे उभा राहून लोकांना सुटे परत द्यायचा.

मग एका सोमवारी लाल मथळ्याच्या पेपराने विचारलं, 'टेकडीचे पाइप कुठे गेले?' मंगळवारी प्रश्नचिन्ह गेलं. बुधवारी 'पाइपचोर' आला, सोबत फोटो. फोटो नळाच्या उद्घाटनाच्या जेवणातला होता. कासिमिरोच्या तोंडात कोंबडीची तंगडी होती आणि डोळे अर्धे मिटलेले. पाइपांचं कंत्राट ज्याला मिळालं नव्हतं, त्याची त्या पेपरात ओळख आहे असं म्हणत. पण तसा मथळा कुठे टांगलेला नव्हता. आठवड्याभरात बाकीच्या पेपरांनीही तीच तंगडी छापली. पुढे सह्या गोळा झाल्या आणि महापौराला मुदतीआधी घरी पाठवायचं का, यावर मतदान लागलं. आमच्याकडे तशी सोय आहे.

कासिमिरो येत राहिला.

"कोमाद्रे, आज मी कुठे आहे?"

"वरच्या रांगेत, कोंपाद्रे. दोन चिमटे लावलेत."

"बरा दिसतोय का?"

"कोंबडी बरी दिसतेय."

तेव्हा दोघंही हसले होते. सेनोबियाने एकदा तो लाल मथळा मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून टांगूनही पाहिला. आम्ही समोरच्या कोपऱ्यावरच्या टपरीकडे गेलो. दोन दिवस तिची शब्दकोडीही खपली नाहीत. तिसऱ्या दिवशी कासिमिरोच म्हणाला, "टांगा पुढे. वाचायचं ते कुठेही वाचतील."

पुढे टांगलं की मात्र ते दिवसभर तिच्याच डोळ्यांसमोर राहायचं. आम्ही पाच मिनिटं बघून जायचो; तिला पहाटेपासून दुपारपर्यंत ती तंगडी बघावी लागायची. शिवाय आमची चर्चा.

"खाताना बघा ना कसा दिसतो," शिंपी म्हणायचा. "असा माणूस नुसती कोंबडी खाऊन थांबतो होय?"

"तू उपाशीपोटी फोटो काढून घेतोस वाटतं?" गॅसवाला म्हणायचा. पण तोही नंतर म्हणायचा बंद झाला.

एकदा शिंप्याने तिला विचारलं, "मावशी, तुमच्या नळाला पाणी येतं?"

"येतं की."

"चर खणायला होता ना तुम्ही?"

"खणायला होते, आणि पन्नास माणसांचं सूपही केलं. पाइप माझ्या दारावरून गेले."

"मग चोरले कुठले?"

सेनोबियाने टांगलेल्या पेपरांकडे पाहिलं. थोडा विचार करून म्हणाली, "दुसरे असतील."

दुसरे पाइप कधीच नव्हते.

त्यानंतरच्या एका सकाळी तिला जायचं होतं. कासिमिरो सवयीने गल्ल्याकडे सरकला. ती म्हणाली, "राहू द्या, कोंपाद्रे. तुम्ही महापौर माणूस, किती उभं राहणार? गोयो, बघ रे जरा." गोयो म्हणजे शेजारी बसणारा बूटपॉलिशवाला. त्याने ब्रश खाली ठेवला, हात पँटला पुसले आणि गल्ल्यामागे जाऊन उभा राहिला. कासिमिरोने वरच्या रांगेतलं आपलं चित्र बराच वेळ वाचलं, जणू त्यात काही नवीन आलं होतं. ती परत येईपर्यंत तो गेला होता.

मतदानात तो पडला. मोठ्या फरकाने पडला. ज्या गल्ल्यांत नळ आले होते, तिथेही पडला.

दीड वर्षाने चौकशी संपली. एकही पाइप कमी नव्हता. लाल मथळ्याच्या पेपराने ते चौदाव्या पानावर, राशिभविष्याच्या खाली, चार ओळींत छापलं. सेनोबियाला ते गोयोने दाखवलं. शब्दकोडं त्याच पानावर असतं. तिने अंक उलटा दुमडला आणि चौदावं पान बाहेर काढून वरच्या रांगेत टांगलं. उघडलेला अंक पेपरवाले परत घेत नाहीत, तो तिच्याच अंगावर पडला. आम्ही उभे राहिलो आणि राशिभविष्य वाचलं. शिंप्याला प्रवासाचा योग होता.

कासिमिरोला कुणीतरी सांगितलं असावं. खूप दिवसांनी तो आला, चष्मा लावून पानाच्या अगदी जवळ गेला आणि चार ओळी वाचल्या.

"दोन चिमटे लावलेत, कोंपाद्रे," सेनोबिया म्हणाली.

"दिसले," तो म्हणाला. "छान टांगलंय."

ती थोडी घुटमळली. तिला बाजारात जायचं होतं. कासिमिरो समोरच उभा होता आणि त्याला कसलीही घाई नव्हती.

"गोयो," ती म्हणाली, "बघ रे जरा."

गोयोने तीन वर्षांपूर्वी बाजारातून गॅसची टाकी चोरली होती आणि त्यासाठी चार महिने तुरुंगात काढले होते. पेपरात काही आलं नव्हतं.