गच्चीचा लेप आणि बाबांची नळी

आमचं वारज्यातलं घर शेवटच्या मजल्यावर. बाबांच्या पलंगाच्या बरोबर वर छताला ओल आली, म्हणून मी गच्चीला लावायचं रबरी लॅटेक्स आणायला गेले. दिसायला दुधासारखं, सिमेंटमध्ये कालवून ब्रशने फासायचं. "लावल्यावर पाणी मारायचं का हो?" मी विचारलं. दुकानदार मान वर न करता म्हणाला, "डब्यावर लिहिलंय. वाचता येत असेल तर वाचा."

वाचलं. लेप पूर्ण वाळेपर्यंत पाण्याचा थेंबही नको. पण सिमेंटला पाणी पाजावंच लागतं, हे तर मी लहानपणापासून ऐकत आले होते. खरं काय मानायचं? बाबांनी उभी हयात बांधकामांवर सुपरवायझर म्हणून काढलेली. त्यांना मी सिमेंट शिकवणार? गप्प बसले. ते खुर्चीवरून सांगत गेले, मी ब्रश मारत गेले आणि आवरून ऑफिसला पळाले.

संध्याकाळी आले तर गच्चीच्या पाइपातून पांढरं पाणी वाहत होतं. वर बाबा, हातात नळी, लेंगा गुडघ्यापर्यंत भिजलेला, चेहरा एकदम खूश. "सात दिवस पाणी मारायचं, दोन्ही वेळ. नाहीतर तडकतं बघ," म्हणाले.

मला भयंकर राग आला, पण नेमका कोणाचा तेच कळेना. त्यांचा, त्या दुकानदाराचा, की वाचूनही तोंड न उघडणाऱ्या माझा? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी म्हटलं, "बाबा, चहा टाकते."

पावसात ओल पलंगभर पसरली. मी त्यांचा पलंग हॉलमध्ये हलवला तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "माझं काही चुकलं का गं?"

"नाही हो. डबाच खराब निघाला."

ते नुसतं "बरं" म्हणाले. पटलं की नाही, काही कळलं नाही.

पाऊस संपल्यावर मी दुसरा डबा आणला. सिमेंट कालवत होते, तेवढ्यात बाबा जिना चढून आले. चष्मा लावून त्यांनी डबा सगळीकडून वाचला. मग नळावरची नळी काढली, नीट गुंडाळून माझ्याजवळ ठेवली.

"ही कपाटात टाक आणि किल्ली तुझ्याकडे ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस."

मी मान डोलावली. ते जिन्याकडे वळले, थांबले.

"मागच्या डब्यावरही हेच लिहिलं होतं ना? मला सांगायचं नाही का गं?"