बाच्या आवाजावर कोणाचा आवाज नको

मी निघालो तेव्हा बा रडला नाही. तांड्यातली म्हातारी माणसं लिंबाखाली जमली होती आणि तांड्याचे मुखिया, नायक, त्याला सुनावत होते, "तुझा पोरगा तांडा सोडून राह्यला अन् तू नुसता पाहून राह्यला?" बानं खांद्यावरचं उपरणं सारखं केलं आणि म्हणाला, "नायक, आपन थांबलो कवा? माह्या आज्याचा जलम बैलाच्या मागं चालन्यात गेला. आपन बैलाच्या मागं चाललो, पन कोनाच्या मागं नाही चाललो. पोरगा चालते तर चालू द्या."

घरात आम्ही गोरबोलीत, म्हणजे आम्हा बंजाऱ्यांच्या बोलीत बोलायचो. तुम्हा गावाकडच्या सगळ्यांना कळावं म्हणून घरातलं बोलणं इथे वऱ्हाडीत लिहितो आहे.

रडली ती याडी, माझी आई. तिचं दुःख निराळं होतं. "आता कुठं चूल एका जाग्यावर राह्यली," ती म्हणाली, "अन् तू निघाला." लग्नानंतरची कितीतरी वर्षं तिनं तीन दगड मांडले आणि तीन दगड सोडले. घाटंजीच्या अलीकडे आम्हाला जमिनीचा तुकडा मिळाला, तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली की हे माझं. ते सोडून मी चाललो होतो. साल एकोणीसशे छप्पन. त्याच दिवाळीच्या आगेमागे आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला होता. बाजारात लोक म्हणायचे, नागपूर दूर झालं, मुंबई जवळ आली. मी ते खरं मानलं. यवतमाळहून लहान गाडीत बसलो, मूर्तिजापूरला मोठी गाडी धरली.

सिनेमात नट व्हायला मी गेलो नव्हतो. बाजाराच्या दिवशी सरकारी गाडी यायची, पडदा बांधायची आणि माहितीपट दाखवायची. धरणं, कालवे, टोळधाड. तांड्यातली पोरं गाण्याची वाट बघत बसायची. मी मात्र त्यातली माणसं बघायचो. कुदळ मारणारा माणूस कुदळच मारत होता, तो कोणाचं सोंग घेत नव्हता. मला ते फार आवडलं. हे कोण बनवतं, असं मी गाडीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "मुंबईचे साहेब लोक." मनात म्हटलं, मग एक घाटंजीचाही असू दे.

मुंबईत परळला एका फिल्म लॅबोरेटरीत लागलो. आधी टाक्या धुतल्या, मग फिल्म सुकवायला शिकलो. माझी शिकायची धडपड पाहून एका कॅमेरामननं मला हाताखाली घेतलं. मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्याची फिल्मची डबी भरणं, भिंग पुसणं, उजेड मोजणं. आम्ही माहितीपट करत देशभर फिरायचो. "तू कुठला?" असं कोणी विचारलं की मी यवतमाळ सांगून थांबत नसे. "गोरमाटी. बंजारा," असं पूर्ण सांगायचो. काहींचा चेहरा बदलायचा. बदलू दे.

साठ साल उलटल्यावर कापसावरचं एक काम निघालं, आणि आमचं युनिट थेट घाटंजीला आलं. दिग्दर्शक शहरातले, बोलायला गोड. वेचणीचे दिवस होते. आमच्या तांड्यातल्या बाया वावरात होत्या, त्यांत याडीही. तिचा आरशांचा घागरा आणि हातातल्या बांगड्या पाहून साहेब हरखले. मला म्हणाले, "तुझीच आई ना? सांग त्यांना, कापसात एक नाच होऊन जाऊ दे."

"मी नाही सांगणार," मी म्हणालो.

याडीला मराठी चांगलं कळत होतं. ती ओटीतल्या कापसासकट उभी राहिली. "होळी नाही, लगन नाही. आमी कापूस वेचून राह्यलो, त्याचा फोटो काढा. नाच कायले?"

"लोकांना बघायला आवडतं, बाई."

"मंग तुमच्या घरच्या बायांले नाचवा."

बाया फस्सकन हसल्या. साहेबांचा चेहरा उतरला. उद्या दुसऱ्या गावाहून बाया आणू आणि त्यांना असेच घागरे घालू, असं ते कॅमेरामनला म्हणाले. मी हातातलं मॅगझिन पेटीत ठेवलं आणि पेटी बंद केली. म्हणालो, "त्या नाचासाठी मी फिल्म भरणार नाही." कॅमेरामन हळूच म्हणाले, "नोकरी जाईल रे." गेली. याडीनं तेवढ्यात माझ्या गळ्यात एक रिकामी झोळी अडकवली. संध्याकाळपर्यंत मी तिच्या शेजारच्या ओळीत कापूस वेचला. इतका सुखाचा दिवस मला त्या नोकरीत मिळाला नव्हता.

माहितीपट माझ्यावाचून झालाच. मुंबईच्या एका थेटरात मुख्य सिनेमाच्या आधी मी तो पाहिला. कोणी तरी उसने घागरे घालून नाचत होतं, आणि वरून एक भारदस्त आवाज सांगत होता, 'हे भटके, भोळे लोक.' मी तिथेच ठरवलं की पुढचा माहितीपट माझा, आणि त्यात बोलेल माझा बा.

लॅबोरेटरीनं मला परत घेतलं. मोठ्या कामांतून उरलेले कोऱ्या फिल्मचे तुकडे तिथले मित्र माझ्यासाठी बाजूला ठेवायचे. चावी द्यायचा जुना कॅमेरा आणि टेपरेकॉर्डर उसना मिळाला. दोन हिवाळे रजा काढून मी गावी आलो. बा पुढे चालायचा, मी मागे. आमच्या माणसांची लदेणीची जुनी वाट, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून ती ज्या वाटेनं जायची ती वाट, तो मला दाखवत होता. इथं पाणी, इथं बैल सोडायचे, इथं तुझी बहीण जन्मली. त्याच दिशेला आता वणीचे कोळशाचे ट्रक धूळ उडवत जात होते. 'भोळे' हा शब्द मी त्याला सांगितला तेव्हा तो रस्त्यातच थांबला. "भोळा मानूस वझं वाहू शकते," तो म्हणाला, "सौदा नाही करू शकत." ते वाक्य मी माहितीपटात ठेवलं, मागच्या ट्रकच्या घरघरीसकट.

थेटरात लागावा म्हणून मी तो सरकारी कचेरीत दाखवला, तेव्हा एका अधिकाऱ्यांनी तो पाहिला. चांगला आहे, म्हणाले. "पण ही भाषा कोणाला कळणार? वडिलांचा आवाज खाली करा आणि वर हिंदी निवेदन घाला. थेटरांत लावू."

"आवाज खाली होणार नाही," मी म्हणालो.

"मग तो लागणारही नाही."

"मग मी लावीन."

शाळेतला माझा मित्र नामदेव घाटंजीचा शेतकरी. त्यानं कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मालकाला गळ घालून रिकामं गोदाम मिळवलं. बाजाराचा दिवस होता. भर दुपारी खिडक्यांना तट्टं बांधून आम्ही अंधार केला. तांडा आला, कुणबी आले, गाडीचे बैल झाडाला बांधून बाभुळगावकडचे पाहुणे आले. निम्म्यांना बोली येत नव्हती, तर शेजारचा त्यांना सांगत होता. मधेच नायक उठून ओरडले, "तो मुक्काम त्या नाल्यावर नव्हता! पल्याडच्या होता!" दुसरा म्हातारा भांडायला उठला, तिसरा त्यात पडला. मला मशीन थांबवावं लागलं. ही भाषा कोणाला कळणार, असं त्या गोदामात कोणीच विचारलं नाही. बाहेर आल्यावर बा म्हणाला, "मी लयच हळू चालून राह्यलो रे." आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्यानं बराच वेळ काढला नाही.

तो माहितीपट आजवर एकाही थेटरात लागलेला नाही. पेटी घेऊन मी शाळांत, गिरणी कामगारांच्या वस्तीत, तांड्या-तांड्यांवर जातो. पोटासाठी साबणाच्या जाहिराती करतो आणि त्याची मला लाज नाही. पुढचा माहितीपट कोळशाच्या खाणीवर करतो आहे. त्यातही खाणीतली माणसंच बोलतील.

तुम्ही विचारता, परत कधी येणार? जे माझ्यासारखे निघाले, पुण्याला, नागपूरला, भिलाईला, त्यांनाही हेच विचारलं जातं. आता मुंबईत आमची एक खोली आहे, तिसऱ्या मजल्यावर. बायको तांड्यातलीच आहे. मुलगी इथे जन्मली. शाळेतून येते तेव्हा खाली चौकातूनच ती मोठ्यानं हाक मारते, "याडी!" आणि मग दिवसभराचं सगळं आमच्या बोलीत सांगत जिना चढते. शेजारच्या बाई परवा म्हणाल्या, "अहो, ही कसली भाषा? तिला म्हणावं, जरा हळू बोल." मी गॅलरीत गेलो, कठड्यावरून वाकलो आणि तिच्याहून मोठ्या आवाजात तिला गोरबोलीतच उत्तर दिलं.

तेच आमचं घर. या.