मंगळवारची गुरं

आमच्या भागातल्या छोट्या रेल्वेचा इतिहास लिहिला जातोय तो दिल्लीत, आर. के. पुरममध्ये. लिहिणारे काका नात्यातले नाहीत, रेल्वेतूनच साहेब म्हणून निवृत्त झालेले, आता मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. मी आठवीत शाळा सोडलेला, नोएडात पॅकिंगच्या कामाला. ते कामही काकांच्याच शब्दाने मिळालेलं. रविवारी मेट्रोने जातो. काकू जेवायला वाढतात आणि काका नवं प्रकरण वाचून दाखवतात. ‘त्या गाडीत बसलेला इथे तूच एक,’ म्हणतात.

परवा त्यांनी वाचलं, ‘या मार्गावर मोकाट गुरांचा फार उपद्रव होता. गार्डच्या डायरीत दर मंगळवारी एकाच फाटकापाशी गाडी थांबल्याची नोंद सापडते. कारण, रुळावर गुरं.’

मी घास परत ताटात ठेवला. ते फाटक आमचं. बाबा तिथे गेटमन होते.

‘काय रे, बरोबर आहे ना?’

‘अगदी बरोबर, काका.’

खोटं बोललो. मंगळवार बाजाराचा. कुंभारांच्या बायका डोक्यावर मडकी घेऊन यायच्या, आणि स्टेशन कोसभर पुढे. बाबा सरळ लाल झेंडी दाखवायचे. गाडी थांबली की गार्डसाहेब स्वतः उतरून मडकी वर डब्यात द्यायचे. मग डायरीत काहीतरी लिहायला हवं, तर गुरं बरी पडायची.

हे सांगावं, तर बाबांनी नियम मोडला ते छापून येणार. पेन्शन बंद केलं तर? न सांगावं, तर ज्यांचे एवढे उपकार त्यांच्याच पुस्तकात खोटं. हात धुवायच्या निमित्ताने बाल्कनीत जाऊन बाबांना फोन लावला.

बाबा आधी पोटभर हसले. ‘गुरं? अरे, शिट्टी ऐकली की आपली गुरं शेताच्या त्या टोकाला पळायची!’

‘पण पेन्शन?’

‘गाडीच बंद झाली, आता मला मेमो कोण देतंय? सांग त्यांना. आणि हेही सांग, एवढ्या वर्षांत एक मडकं फुटलं नाही.’

आत येऊन एका दमात सांगून टाकलं. काकांनी पेन उघडलं. मग अख्ख्या पानावर काट मारली. ‘आणि मी मूर्ख, तिथे गुरांचा बाजार भरायचा असं ठरवून बसलो होतो!’

‘अहो, त्याला ताक तरी पिऊ द्या,’ काकू म्हणाल्या. पण काकांनी माझाच फोन घेऊन बाबांना पाऊण तास प्रश्न विचारले.

शेवटी फोनवर आई आली. हळूच म्हणाली, ‘साहेब बोलतायत म्हणून तुझे बाबा सगळा वेळ उभे होते. आता बसलेत, चहा मागतायत.’